पिवळं फडकं

धाकटा येणार आहे ही बातमी वहिनीनं भाऊच्या पुढ्यात चहाबरोबरच ठेवली. भाऊनं चहा बाजूला सारला.

"त्याला कोणी बोलावलं?"

"अण्णांनी."

"अण्णांना समोरच्याचं ऐकू येत नाही, ते फोनवर कसे बोलले?"

"मी लावून दिला. 'रविवारी ये, पोरीचा दिवस आहे,' एवढं बोलले आणि ठेवून दिला. पलीकडचं त्यांना ऐकायचंच नव्हतं."

दुकानामागच्या बंदुकांच्या कारखान्याच्या दारात भाऊची बहीण ताई तेलाचे हात पुसत उभी होती. तिला हसू आवरेना. पण हसता हसता ती जरा चपापलीसुद्धा. वहिनी शाळेत शिकवायची. वर्गात तिच्या आवाजानं भिंती हलतात म्हणे, पण घरात तिनं कधी भांड्याला भांडं लागू दिलं नव्हतं. नवऱ्याला न विचारता तिनं हा फोन लावला, म्हणजे तिच्या मनात काहीतरी चाललं होतं.

"येऊ दे की," ताई म्हणाली. "अध्यक्ष महाराज उद्या राजधानीत त्याच्याशी भांडणारच आहेत. आज घरात रंगीत तालीम होऊन जाईल."

"तू गप गं ताई!"

भाऊ अध्यक्ष होता तो बंदुका विकणाऱ्या दुकानदारांच्या संघटनेचा. आणि धाकटा, ज्याला बोलायला लागल्यापासून घरात सगळे वकील म्हणत आणि जो पुढे खरंच वकील झाला, तो नेमका त्या विधेयकाचा मसुदा करणाऱ्यांत होता. विधेयक तसं दोन ओळींत सांगण्यासारखं. ज्या बंदुका एकदा भरल्या की चाप ओढू तशा गोळ्या सोडत राहतात, त्या एकवीस वर्षांखालच्या कुणालाही विकायच्या नाहीत. आजवर अठरा पुरत होती. अठरा आणि एकवीस यांच्यात असं काय मोठं अंतर? पण तेवढ्यावरून हे दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. उद्या समितीपुढे सुनावणी होती आणि भाऊ सगळ्या दुकानदारांच्या वतीनं विरोधात बोलणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी लेकीचा, खारूचा दिवस यावा, हा काही योगायोग नव्हता. तारीख भाऊनंच जुळवली होती.

घराची एक रीत होती. दुकानात वाढलेलं पोर अठरा वर्षांचं झालं की एका रविवारी, दुकान बंद असताना, त्यानं रस्त्यावरून यायचं, दाराची घंटा वाजवायची आणि गिऱ्हाईक म्हणून काउंटरच्या पलीकडे उभं राहायचं. जन्मभर अलीकडे खेळलेलं पोर त्या दिवशी पलीकडे. घरच्यांनी त्याला परक्या माणसाला विचारतात तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं पटली तर बंदूक हातात द्यायची. पटली नाहीत असं कधी झालं नव्हतं. ताईचं झालं, भाऊचं झालं. वकिलानं तर उलट वडिलांना, अण्णांनाच प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं.

आज खारूची पाळी. ही भाऊची एकुलती एक. लहानपणी रिकामी काडतुसं वेचून फ्रॉकच्या खिशात कोंबायची आणि खुळखुळत घरभर फिरायची, म्हणून खारू. भाऊनं तिच्यासाठी रीत थोडी वाकवली होती. या घरात पहिली बंदूक नेहमी एकेक गोळी हातानं भरायची असे. भाऊनं निवडली ती विधेयकात बसणारी, आपोआप भरणारी. वर संघटनेच्या मासिकाचा फोटोवालाही बोलावला होता. अठरा वर्षांची मुलगी किती जबाबदार असते ते उद्या त्या समितीला फोटोतच दिसू दे, असं त्याचं म्हणणं.

"फोटोसाठी पोर आहे की पोरीसाठी फोटो?" ताईनं विचारलं होतं. त्यावर भाऊ तिच्याशी दिवसभर बोलला नव्हता.

वकील यायच्या आधी ताईनं खारूला कारखान्यात हाक मारली. बंदुकीचा लाकडी दस्ता अंगाला बेतावा लागतो. लांब झाला तर मान अवघडते, आखूड झाला तर खांदा मार खातो. कॉलेजची सुट्टी होती तेव्हा ताईनं माप घेऊन ठेवलं होतं आणि त्या मापानं लाकूड घासून तयारही केलं होतं. आता फक्त खांद्याला लावून बघायचं.

खारूनं रायफल उचलली, खांद्याला लावली. दस्ता बसेना. ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तर सरळ हाडच हाताला लागलं.

"अगं, कॉलेजात उपाशी ठेवतात की काय तुम्हाला?"

"कॉलेजात कुठे असते मी, आत्या? घरीच तर आहे."

"मग तुझी आई उपाशी ठेवते."

एरवी या वाक्यावर खारूनं आईची नक्कल केली असती, डोळ्यांवर चष्मा ओढून. आज ती नुसती उभी राहिली. सत्र अर्ध्यावर टाकून ती घरी आली तेव्हा 'थकलेय' एवढंच म्हणाली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. भाऊ म्हणाला, झोपू द्या पोरीला. पण ती झोपत कुठे होती? ताईची खोली तिच्या खोलीखाली. वरची पावलं तिला ऐकू येत.

"लाकूड परत घासावं लागणार," ताई म्हणाली. "आज अशीच धर. फोटोत काही कळत नाही."

"घासू नकोस. राहू दे." खारूनं रायफल खाली ठेवली आणि बरोबर आणलेला पत्र्याचा डबा पुढे केला. "हा तुझ्याकडे ठेव."

तो तिचा काडतुसांचा डबा होता. लहानपणापासूनचा. त्याला कुणी हात लावला तर ही घर डोक्यावर घ्यायची.

"मी काय करू याचं?"

"मला आता कशाला हवाय?" खारू म्हणाली आणि निघून गेली.

ताई डबा हातात घेऊन बसली. सायकल खारूनं शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती. गेल्या आठवड्यात चांगले बूटही कुणाला तरी दिले. पोरगी मोठी झाली, उदार झाली, म्हणून भाऊनं कौतुक केलं होतं. ताईला मात्र ते खटकलं. काय चुकतंय ते तिला नीट सांगता येत नव्हतं, आणि ज्याचं नाव सांगता येत नाही ते भाऊपुढे बोलायची सोय नव्हती.

वकील आला तो कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन. जेवायला सगळे एका टेबलाला बसले. खारू आली नाही, भूक नाही म्हणाली. दोन घास पोटात जातात न जातात तोच भाऊनं तोंड उघडलं, आणि अण्णांनी कानातलं यंत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. जेवताना भांडण ऐकायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

"अठराव्या वर्षी मत देता येतं," भाऊ म्हणाला. "लग्न करता येतं. सैन्यात भरती होता येतं. आणि दुकानात आला की तो कुक्कुलं बाळ? हा कुठला न्याय रे?"

"सैन्यात संध्याकाळी बंदूक परत जमा करावी लागते, भाऊ. वर साहेब असतो, तो उठता बसता डोळा ठेवतो. तू डोळा ठेवायला घरी जाणार आहेस गिऱ्हाइकाच्या?"

"म्हणजे आम्ही कुणालाही विकतो?"

"असं मी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, लिहिलंस!"

इथे ताईला राहवलं नाही. विधेयकाच्या बाबतीत ती भाऊच्या बाजूची होती आणि हे तिनं कधी लपवलं नव्हतं. "हे बघ वकील, राजधानीत बसून तुम्ही वयं ठरवता. आम्ही माणूस बघतो. आमच्याकडे फडकं आहे, आम्हाला कायदा कशाला शिकवतोस?"

फडकं म्हणजे कारखाना आणि काउंटर यांच्यामधल्या खुंटीवर टांगलेलं पिवळं फडकं. पणजोबांनी ही शक्कल काढली. बंदूक घ्यायला आलेल्या माणसाचं काही खटकलं, त्याची नजर, त्याचा आवाज, त्याची घाई, तर घरच्या ज्याला खटकलं त्यानं काही न बोलता ते फडकं आणून काउंटरवरच्या बंदुकीवर पसरायचं. मग काउंटरवर असेल त्यानं म्हणायचं, हिची स्प्रिंग सैल लागतेय, कारखान्यात घालावी लागेल, पुढच्या आठवड्यात या. वाद नाही, अपमान नाही. फडकं पडलं की विक्री नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. का टाकलंस, हे विचारायचीही पद्धत नव्हती.

"हा पाव खातोयस ना?" ताई म्हणाली. "तो बेकरीवाला विशीच्या आत होता तेव्हा आला होता दुकानात. डोळे लालभडक. मी फडकं टाकलं. पुढच्या आठवड्यात काही तो आला नाही. आला तो वर्षानं, गरम पाव घेऊन. आजतागायत त्यानं मला का ते विचारलं नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही. हे तुझ्या कायद्यात बसतं का, सांग."

"नाही बसत," वकील म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "ताई, फडकं मला मान्य आहे. माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा ते शहाणं आहे. पण हमरस्त्यावरच्या त्या मोठ्या दुकानात कोण टाकतं फडकं? तिथं पोरगं ओळखपत्र दाखवतं, यंत्राचा हिरवा दिवा लागतो, की झालं. तिथं स्प्रिंग कधी सैल होत नाही. मी कायदा त्या दुकानासाठी लिहिला, आपल्यासाठी नाही."

"मग तिथंच लाव!" भाऊ म्हणाला.

"आणि आपल्या माणसावर? घरच्यावर कोणी टाकलंय कधी ते?"

वहिनीनं चमचा ताटात ठेवला.

"मला आज हे नकोय," ती म्हणाली. "फोटो नको, बंदूक नको. मला माझ्या पोरीचा चेहरा बघवत नाही. म्हणून मी भावजींना बोलावलं. मला वाटलं, तुमच्याशी भांडायची सवय असलेलं कुणीतरी घरात असावं."

"तूसुद्धा?" भाऊनं तिच्याकडे असं बघितलं की ताईला त्याची दया आली. "तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नाही? मी बाप आहे तिचा! लहानपणापासून या दिवसाची वाट बघत होती ती. स्टुलावर उभी राहून विचारायची, बाबा, मी कधी येऊ पलीकडून? मला वाटलं, या दिवसानं तरी तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू येईल. दुसरं काय करू मी? सांगा ना कोणीतरी!"

ओरडणाऱ्या भाऊचे डोळे भरून आले होते. वकिलानं पाण्याचा पेला त्याच्या हाताशी सरकवला. भांडण तिथंच निवलं. पण काही ठरायच्या आत खाली मोटार थांबली आणि फोटोवाला दार ठोठावायला लागला. अण्णांनी यंत्र कानात घातलं, म्हणाले, "झालं का तुमचं? चला, पोरगी ताटकळली असेल."

दुकानात दिवे लावले. काउंटरच्या मधोमध ती रायफल ठेवली होती, काळी, नवीकोरी, ताईनं लावलेल्या दस्त्यासकट. भाऊनं कोट घातला. फोटोवाला हसतमुख माणूस होता, या घराशी त्याचं देणं ना घेणं. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. ताई टोकाला, खुंटीजवळ. वहिनी भिंतीला टेकून.

घंटा वाजली. खारू आत आली. तिनं केस विंचरले होते, शर्ट इस्त्रीचा होता. ती पलीकडे येऊन उभी राहिली आणि ताईला वाटलं, हिला मी ओळखत नसते तर?

"या, बसा," भाऊनं दुकानी आवाज लावला. रीतच होती तशी, त्या दिवशी पोराला अहो-जाहो करायचं. "बंदूक कशासाठी हवी?"

"नेमबाजीसाठी."

"कुठे ठेवणार?"

"कपाटात. कुलूप लावून."

"आणि किल्ली?"

या प्रश्नाला घरात सगळ्यांनी एकाच धर्तीचं उत्तर दिलं होतं, किल्ली दुसऱ्या कुणाकडे. ताई म्हणाली होती, किल्ली अण्णांकडे. दोघे भाऊ म्हणाले होते, किल्ली ताईकडे. लहानपणी दुकान-दुकान खेळताना खारूही तेच म्हणायची, मान तिरकी करून.

"माझ्याकडे," खारू म्हणाली.

"वा! मोठी झाली!" भाऊ हसला. फोटोवाल्यानं तो हसरा चेहरा टिपला.

ताईचा हात खुंटीकडे गेला. फडकं तिच्या हातात आलं. आणि तिथं तो हात थांबला. एवढ्या परक्यांवर तिनं फडकं टाकलं होतं, कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. पण ही भाऊची पोर. समोर फोटोवाला. उद्या सुनावणी. आणि आपलं चुकत असेल तर? पोरगी नुसतीच थकलेली असेल तर? भाऊ जन्मात तोंड बघणार नाही आपलं. ती त्या फडक्यानं हात पुसायला लागली, आधीच स्वच्छ असलेले हात.

आता शेवटचा प्रश्न. तो विचारायचा मान अण्णांचा. ते काठी टेकत पुढे झाले.

"आजच का?"

याचं उत्तर सोपं होतं. 'आज माझा दिवस आहे.' इतकंच म्हणायचं आणि मग टाळ्या. खारूनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांग ना," भाऊ हळूच म्हणाला. "आज तुझा दिवस आहे."

खारू त्याच्याकडे बघत नव्हती. ती ताईच्या हातांकडे बघत होती. ते फडकं बोटांभोवती फिरत होतं, पुसत होतं, पुन्हा पुसत होतं. मग तिनं काउंटरवरून वाकून हात लांब केला, ताईच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि रायफलीवर पसरलं. चारी कोपरे नीट केले, लहानपणापासून बघितले होते तसे.

"तेवढं फडकं बाजूला घ्या हं," फोटोवाला म्हणाला. "बंदूक दिसत नाहीये."

"हात लावायचा नाही त्याला!" भाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडला की फोटोवाला दोन पावलं मागे गेला.

भाऊ त्या पिवळ्या फडक्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठांना जन्माची सवय होती, ते आपोआप हलले. "हिची... हिची स्प्रिंग सैल लागतेय," तो म्हणाला. "कारखान्यात घालावी लागेल. तुम्ही पुढच्या आठवड्यात..." तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं. "पुढच्या आठवड्यात ये गं बाळा. नक्की ये. येशील ना?"

"येईन, बाबा," खारू म्हणाली, आणि मग तिला हुंदका फुटला.

काउंटरची फळी उचलून पलीकडे जायचं भान भाऊला राहिलं नाही. एवढा मोठा अध्यक्ष कोटासकट वाकून फळीखालून गेला, डोकं आपटलं, तरी थांबला नाही. त्यानं तिला पोटाशी धरलं. वहिनी दुसऱ्या बाजूनं आली. खारू बोलत होती, तुटक तुटक, आईच्या खांद्यात तोंड खुपसून. झोप येत नाही. काही बरं वाटत नाही. सगळं संपवून टाकावंसं वाटतं. सकाळपासून डोक्यात नुसती ती किल्ली होती.

"कळलं, राणी, कळलं," वहिनी म्हणत होती. "बरं झालं सांगितलंस. फार बरं केलंस. आपण आत्ताच जायचं डॉक्टरांकडे. रक्तवाल्या नाही, मनाच्या. शाळेत येतात त्या बाई. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय."

वकिलानं फोटोवाल्याच्या दंडाला धरलं. "चला, आपण बाहेर चहा घेऊ. दुकान आज बंद आहे."

ते तिघं डॉक्टरांकडे गेले. ताईनं रायफलीचे भाग सुटे केले आणि तिजोरीत टाकून कुलूप लावलं. घरातल्या बाकीच्या बंदुकाही आत टाकल्या. किल्ली कनवटीला लावली. मग कारखान्यातल्या बाकावर बसून ती रडली. वकील शेजारी येऊन बसला.

"माझा हात उचलला नाही रे," ती म्हणाली. "मला दिसत होतं. सकाळपासून दिसत होतं. आणि मी हात पुसत बसले."

"फडकं तू हातात घेतलं होतंस म्हणून तिला दिसलं, ताई."

"उगाच समजूत घालू नकोस."

"मी वकील आहे. फुकट समजूत घालत नाही."

ती रडता रडता हसली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दिवेलागणीला भाऊ परत आला. डॉक्टरबाईंनी खूप वेळ बोलून घेतलं होतं, औषध दिलं होतं, उद्या परत बोलावलं होतं, आणि खारूला एकटं ठेवू नका म्हणून बजावलं होतं. खारू आता आईच्या खोलीत होती. थोडा पाव खाल्ला होता तिनं. भाऊ हे सगळं सांगत होता आणि कोटाची गुंडी पिळत होता.

"उद्या..." वकील म्हणाला. "तू नको येऊस. मी समितीला सांगतो, घरी अडचण आहे."

"मी येणार."

"भाऊ, भांडायची ही वेळ नाही."

"भांडतोय कोण?" भाऊ त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला. "मला एक सांग. इथं फडकं होतं म्हणून तिनं टाकलं. त्या हमरस्त्यावरच्या दुकानात माझी पोर गेली असती, तर तिनं काय टाकलं असतं?"

वकिलाकडे याला उत्तर होतं. त्यानं ते लिहूनही ठेवलं होतं विधेयकात. पण बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यानं आपली बाजू न मांडता भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तीन वर्षं," भाऊ म्हणाला. "मी सगळीकडे सांगत फिरलो, तीन वर्षांनी काय होतं म्हणून. आज मी तिच्याकडे एक आठवडा मागितला, ताई. एक आठवडा मिळाला तरी मी देवाचे पाय धरीन."

सकाळी दोघे भाऊ एकाच मोटारीनं गेले. ताई खाली आली तेव्हा मोटार वळणावर दिसेनाशी होत होती. तिनं कारखाना उघडला, एप्रन घ्यायला खुंटीकडे हात नेला आणि थबकली. एप्रन होता. फडकं नव्हतं. धुवायला टाकलं असेल म्हणून तिनं बादली बघितली, काउंटरखाली बघितलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती स्टुलावर बसलीच. पणजोबांपासून ते फडकं कधी या घराबाहेर गेलं नव्हतं.

खारू जिन्यावरून उतरली. मागोमाग वहिनी, शाळेतून रजा घेतलेली. खारूचे डोळे सुजले होते, पण रात्री ती थोडी झोपली होती.

"आत्या, फडकं कुठे गेलं?"

"तुझा बाप घेऊन गेलाय. सुनावणीला."

खारू रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. "परत आणतील ना? मला पुढच्या आठवड्यात यायचंय."

ताईनं उठून फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि खारूच्या हातात दिला. "हा तुझा तू सांभाळ. माझ्याकडे जागा नाही. आणि ये ना पुढच्या आठवड्यात. पण आधीच सांगून ठेवते, त्या बंदुकीची स्प्रिंग लवकर काही सुधारत नाही. मी पुन्हा म्हणणार, पुढच्या आठवड्यात ये. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तू एकवीस वर्षांची होईपर्यंत मी तेच म्हणणार, आणि तू दर वेळी यायचंस. कबूल?"

खारूनं डबा पोटाशी धरला. आतली काडतुसं खुळखुळली.

"येईन," ती म्हणाली, आणि आईशेजारी न्याहारीला बसली.